मोटारींतील गारवा

वैशाखांत धुळ्याहून साक्रीस येतांना मोटारीचा पंखा वारा देतो, पण गारवा नाहीं, असें झालें कीं मागें बसलेल्या वृद्धांचे व लेंकरांचे हाल विचारूं नयेत. कारागीर नाडी न पाहतांच म्हणतो, ‘गॅस संपला.’ पण हा गॅस पेट्रोलासारखा जळत नाहीं; बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. वर्षभरांत सरला, तर गळती आहे. ती न शोधतां पुन्हां भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. आम्ही सुचवूं कीं, आधीं पुढची जाळी पाहावी. सुरत रस्त्याच्या धुळीनें ती बुजली, तरीही गारवा जातो. मग जोडांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा येईल तेथें रोग. तो जोड बदलून, पंपानें नळ्यांतील हवा व ओल ओढून, बॉनेटखालील चिठ्ठीवर छापिलेल्या वजनाइतकाच गॅस भरवावा. ज्याच्यापाशीं पंप व काटा नाहीं, त्याच्या हातीं मोटार देऊं नये.