एकमताचा मोह

ठराव एकमताने संमत झाला म्हणजे मंडळाचे काम उत्तम चालले, अशी आमच्या संस्थाचालकांची समजूत आहे. ती घातक होय. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याकडे पाहावे. तेथे १९९१ च्या सुमारास बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था प्रथम उभ्या राहिल्या, त्या पाणी न पोहोचणाऱ्या पुच्छभागी. पुढे २००५ च्या कायद्याने अशा संस्थांच्या संचालक मंडळांत शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांस समान प्रतिनिधित्व दिले. कोणी म्हणेल, याने भांडणे वाढतील. वाढोत! बांधावरचे भांडण सभेत आले, हाच लाभ. ज्याचे शेत कोरडे राहते तोच सभेत नसेल, तर ते एकमत नव्हे. कालव्याच्या मुखाशी बसलेल्यांचे ते संगनमत होय.