चूक यंत्राची, शिक्षा माणसाला

ब्रिटनच्या पोस्टखात्यातील संगणक-प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर विन विल्यम्स यांच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिशेबाच्या एका सदोष प्रणालीपायी किमान तेरा माणसांनी आपले जीवन संपविले असावे, असे त्यात नमूद आहे. संगणकातील बिघाड म्हणजे किरकोळ मनस्ताप, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हे प्रकरण मुळापासून तपासले पाहिजे.

ब्रिटनमधील बहुसंख्य पोस्टे सब-पोस्टमास्तर चालवितात. हे पगारी नोकर नव्हेत. गावातील दुकानदारच करारावर पोस्टाचा गल्ला सांभाळतो, तिकिटे विकतो, पेन्शन वाटतो. गल्ल्यात तूट आली तर ती त्याने स्वतःच्या खिशातून भरावयाची, असाच या कराराचा अर्थ पोस्टखाते लावीत असे. १९९९ पासून या गल्ल्यांवर ‘होरायझन’ ही प्रणाली बसविण्यात आली. ती पुरविणारी आयसीएल ही कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. खाजगी भांडवलाने सार्वजनिक सेवा उभारण्याच्या धोरणातून १९९६ साली हुजूर पक्षाच्या सरकारने हा करार केला आणि मजूर पक्षाच्या सरकारने फेरबदल करून तो पुढे चालविला.

प्रणालीत दोष होते. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथील एका पोस्टात २००५ साली उघडकीस आलेला दोष नमुन्यादाखल पाहावा. एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात वर्ग केलेल्या रकमेची नोंद एकाहून अधिक वेळा होई आणि जी तूट मुळात नव्हतीच ती पडद्यावर उमटे. अशा वेळी पोस्टमास्तराने हेल्पलाइनला फोन करावयाचा. हॅम्पशायरमधील एका पोस्ट-चालिकेने तसा तो केला. सांगितल्याप्रमाणे तिने कळा दाबल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! ‘असा त्रास दुसऱ्या कोणालाही होत नाही’ हे उत्तर देशभरच्या पोस्टमास्तरांनी ऐकले. समान दुःख भोगणाऱ्यांना परस्परांपासून तोडणारे हे उत्तर होते. आपणच हिशेबात कच्चे, असे मानून कित्येकांनी घरे गहाण टाकली व न झालेली तूट भरून दिली.

ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर खटले झाले, आणि त्यांतील बहुतेक पोस्टखात्याने स्वतःच भरले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. २०१० साली भारतीय वंशाच्या एका गर्भवती चालिकेला तुरुंगात धाडण्यात आले. इंग्लंड व वेल्समध्ये पूर्वी संगणकीय पुरावा मांडणाऱ्याला यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट रद्द केली. यंत्र निर्दोष हे न्यायालयाने गृहीत धरले. ते सदोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार, ज्याच्या हाती एकही तांत्रिक कागद नव्हता त्याच्यावर पडला. कंपनीचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होते. पोस्टखाते मात्र वर्षानुवर्षे ते नाकारीत राहिले.

येथे समाजवाद्यांनी एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. हे पोस्टखाते सरकारी मालकीचे होते. मालकी सार्वजनिक असली तरी काम करणाऱ्याला कारभारात आवाज नसेल, तर सरकारी अधिकारी कंपनीचा वकील बनण्यास वेळ लागत नाही. सब-पोस्टमास्तरांच्या महासंघाचा प्रमुख आर्थिक आधार स्वतः पोस्टखातेच होते. तो त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही, यात नवल ते काय?

लढा उभारला तो वेल्समधील ॲलन बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ साली एका खेड्यातील सभागृहात ही विखुरलेली माणसे एकत्र आली आणि ‘फक्त तुम्हालाच’ हे असत्य त्याच दिवशी कोसळले. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. तडजोडीच्या ५ कोटी ७७ लाख पौंडांपैकी दाव्याचा खर्च वजा जाता त्यांच्या वाट्याला उरले सुमारे १ कोटी २० लाख. सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा झाला तो २०२४ मध्ये. विल्यम्स अहवालाचा पहिला खंड आला तोवर एकाही वरिष्ठ अधिकाऱ्यावर आरोपपत्र दाखल झालेले नव्हते.

आपल्याकडे रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतणारी म्हातारी आणि ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून हात वर करणारा दुकानदार कार्यकर्त्यांना अपरिचित नाहीत. यंत्राला विरोध हा त्यावरील उपाय नव्हे. यंत्राच्या चुकीची किंमत कोणी मोजावयाची, हा खरा प्रश्न आहे. यंत्र निर्दोष होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते विकणाऱ्यावर व बसविणाऱ्यावरच असली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावी. आणि तोवर प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. कोठे, कोणत्या दिवशी, काय बिघडले आणि नुकसान कोणाचे झाले, हे तीत लिहावे. दोन गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या की ‘फक्त तुम्हालाच’ हे उत्तर टिकत नाही.