पंप कुरकुरतो तेव्हा...

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आहे नववीतल्या एका मैत्रिणीचं. तिच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि टाकीत क्लाऊनमाशांची एक जोडी. ती लिहिते, ‘काका, टाकीतला पंप रात्रभर घरघरतो. आजीला झोप लागत नाही. बाबा म्हणतात, रात्री दहाला बंद कर, सकाळी सहाला लाव. तेव्हा मासेही झोपलेलेच असतात. चालेल का?’

नाही, चालणार नाही. एक रात्रसुद्धा नाही!

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, बरं का. मी पहिली खारी टाकी मांडली, तेव्हा हाच उद्योग केला होता. मे महिना होता. हॉलमध्ये पाहुणे झोपले होते. त्यांना त्रास नको म्हणून मी पंपाचा प्लग काढला. सकाळी उठून बघतो, तर एक मासा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकतोय आणि दुसरा तळाशी आडवा पडलाय. पाहुण्यांची झोप छान झाली होती. माझा मासा मात्र गेला.

असं का झालं? माशांना लागणारा प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. पंप पाणी हलवतो, खालचं पाणी वर आणतो, वरचं खाली नेतो. पंप थांबला की हे येणं-जाणं अगदी मंदावतं. त्यातून खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात तो साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी गरम झालं की आणखी कमी! फायटर मासा वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो. क्लाऊनमाशाला ते जमत नाही. शिवाय माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीतल्या दगडांवर राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतोच.

म्हणून पंप बंद करायचा नाही. तो कुरकुरतोय कशामुळे, ते शोधायचं. कान देऊन ऐका. आवाज मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला, गुरगुर आणि सूं-सूं. याचा अर्थ पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते आणि पंपाचं तोंड पृष्ठभागाजवळ येतं. पंप थोडा खाली घ्या आणि पाण्याची भर घाला. पण भर घालायची ती शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची. कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ टाकीतच राहतं!

दुसरा, एकसुरी घुंऽऽ आवाज. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. त्यामुळे पंपातलं लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरतं. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा टेबलावर टेकवला की त्याचा आवाज कसा मोठा होतो, आठवतंय? पंप काचेला टेकला की तसंच होतं. पंपाच्या रबरी वाट्या जुन्या होऊन कडक झाल्या असतील, तर बदला. पंप काचेला, दगडाला किंवा नळीला घासत नाही ना, तेही बघा.

तिसरा, खडखड. हा खरा आजार. पंपाच्या आत एक चुंबक आणि त्याला जोडलेला छोटा पंखा असतो. त्यांच्यात वाळूचा कण अडकतो किंवा पांढरा चुन्याचा थर बसतो. मग पंखा अडखळत फिरतो, पंप तापतो आणि एक दिवस बंद पडतो.

यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. आधी प्लग काढा. स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढायचा. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे, म्हणून हे काम आई-बाबांना बरोबर घेऊनच करा. पंप बाहेर काढून झाकण उघडा. कोणता भाग कुठे होता, त्याचं वहीत चित्र काढून ठेवा. चुंबक-पंखा अलगद ओढा. मधली बारीक दांडी बऱ्याचदा चिनी मातीसारखी ठिसूळ असते, चटकन तुटते. मग निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी घेऊन सुटे भाग त्यात तासभर बुडवा. बुडबुडे येतील. आम्ल चुना विरघळवतंय, त्यातून निघालेला तो कार्बन डायऑक्साइड! जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. साबण मुळीच लावू नका. दर दोन-तीन महिन्यांनी एवढं केलं, तर पंप सहसा कुरकुरणार नाही. दांडी झिजली असेल, तर मात्र नवीन घ्यावी लागेल.

आणि नवा पंप घ्यायची वेळ आली तर? आधी गणित करा. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे पावणेसात घनफूट, सुमारे १९० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळली, तर पाणी धरा १६० लिटर. फक्त मासे असतील, तर तासाला दहापट पाणी फिरावं, असा ठोकताळा आहे. म्हणजे १६०० लिटर. पण १६०० चा एक घेण्यापेक्षा ८०० चे दोन घ्या. एक बिघडला, तरी दुसरा मासे जगवतो. थोडे जास्त पैसे असतील, तर डीसी पंप बघा. त्याचा वेग कमी-जास्त करता येतो आणि ती घुंऽऽ जवळजवळ नसते. तांब्या-पितळेचा भाग कुठेही नको. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं आणि कोळंबी, शंखांसारख्या जिवांना मारतं.

एक राहिलंच! वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्या. आमच्याकडे तो टॉर्चशेजारीच असतो.

तर मैत्रिणी, आजची रात्र पंप चालूच ठेव. आजीला एक रात्र आतल्या खोलीत झोपायला सांग. उद्या बाबांना घेऊन बस आणि पंप उघड. आत काय सापडलं, ते मला नक्की कळव.

तुमचा,
छंदवाला काका