तांब्याची मूर्ती विकायचीय? आधी गिऱ्हाईक ओळखा

बारामती-इंदापूरला तांब्याच्या बौद्ध मूर्ती विकायच्यात? मग नेपाळच्या पाटणहून तारा, अवलोकितेश्वर भरून आणू नका. आपल्याकडच्या बौद्ध समाजाची परंपरा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या धम्मदीक्षेची, २२ प्रतिज्ञांची. इथं देवता नको, बुद्ध हवेत. हे न समजता माल भरलात तर भांडवल अडकेल, माणूसही दुखावेल.

हातची मूर्ती महाग का, हेही सांगता आलं पाहिजे. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा साचा. मेण वितळवून तांबं ओततात, मग साचा फोडतात. एका साच्यातून एकच मूर्ती!

माझं मत स्पष्ट आहे: दुकानात नमुन्याला एकच बुद्धमूर्ती ठेवा, बाकी ॲडव्हान्स घेऊन मागवा. आणि मशीनचा माल हातचा म्हणून खपवू नका.