रंगवलेला वाडा आणि सातबारा

आमच्या चाळीतले दादा महापालिकेतून निवृत्त झाले. एकतीस वर्षे नोकरी केली. फंड हाती आला, ग्रॅच्युइटी आली. मुलगा कंपनीत चिकटला आहे, जावई रेल्वेत आहे. तिघांनी मिळून गावाकडे एखादे घर घ्यावे अशी दादांची फार दिवसांची इच्छा. एका रविवारी सकाळी ते मोबाईलवरची जाहिरात दाखवायला आमच्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेले. कागद तुम्हाला कळतात. जरा बघा."

आम्ही वाचले. दीडशे वर्षांपूर्वीचा शेतावरचा वाडा, संपूर्ण नूतनीकरण केलेला, मागे सव्वा एकर शेती, विहीर, निसर्गरम्य परिसर, कागदपत्रे क्लिअर. फोटोही झकास होते.

आमच्या सौ.ने चहा ठेवता ठेवता विचारले, "दीडशे वर्षांपूर्वीचा वाडा म्हणजे कोणाचा हो?"

दादा हसले. "कोणाचा का असेना वहिनी! आता पैसे देईल त्याचा."

उत्तर आम्हाला आवडले. पुढच्याच रविवारी दादा, त्यांच्या घरच्या वहिनी आणि आम्ही दोघे असे चौघे भोरच्या बाजूला वाडा पाहायला गेलो. एजंट फाटकापाशी उभाच होता. वाडा खरोखर देखणा. दगडी जोते, सागवानी खांब, ओसरी, माजघर, मागे परसू. सगळ्याला ताजा रंग आणि पॉलिश.

दादांच्या वहिनी ओसरीच्या पायरीपाशी थांबल्या. चपला काढल्या, पण पाऊल पुढे पडेना. हळूच म्हणाल्या, "आमची आजी असल्या वाड्याच्या अंगणात भाकरीसाठी उभी राहायची. वरून टाकायचे." दादा म्हणाले, "ये आत. आज आपण गिऱ्हाईक आहोत." मग त्या आत आल्या, आणि आल्या त्या अशा आल्या की एजंटाची तारांबळ उडाली!

त्यांनी पर्समधली किल्ली काढली आणि खांबाचा बुंधा जिथे तळखड्यावर टेकतो तिथे टोचली. किल्ली दोन बोटे आत गेली. पॉलिशच्या आत वाळवी. माजघरात कपाटामागे भिंतीला हात लावला, तर हाताला ओल. जुन्या दगडमातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असे. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. नूतनीकरणवाल्याने वर सिमेंट थापले, की ओल आत कोंडते आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. छताचा जुना कडीपाट नव्या फॉल्स सीलिंगमागे झाकलेला. झाकले का, हे विचारायला नको!

एजंट म्हणाला, "कौले बघा साहेब, ओरिजिनल. सालच छापलंय, 1865." कौलावर साल होते हे खरे. पण ते वाड्याचे साल नव्हे. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, आणि पुढे कित्येक वर्षे तेच साल आपल्या कौलांवर छापले. म्हणजे कौल 1900 सालचे असले तरी त्यावर 1865 च! जुनेपणाची किंमत मागणाऱ्याकडून पुरावा मागावा, कौल नव्हे.

तरीही रंगाखालचे दोष पैसे टाकून दुरुस्त होतात. कागदाचे दोष होत नाहीत. म्हणून आम्ही कागद मागितले.

घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवला. हा उतारा कर आकारणीचा आहे. घरपट्टी कोण भरतो एवढेच तो सांगतो. मालकीचा तो पक्का पुरावा नव्हे. मालकी पाहायची तर जुनी खरेदीखते पाहावीत, गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका पाहावी, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागच्या तीस वर्षांची सूची क्रमांक 2 शोधून घ्यावी.

शेतीची गोष्ट आणखी वेगळी. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आम्ही दादांना विचारले, "तुमच्या नावावर कुठे शेती आहे का?" दादा विचारात पडले. एजंट मध्येच म्हणाला, "त्याची काळजी सोडा, सगळं मॅनेज होतं." वाचकहो, हे वाक्य कानी पडले की पैशाचे पाकीट खिशात खोल ढकलावे.

शेवटी मागच्या सव्वा एकराचा सातबारा हातात आला. भोगवटादार वर्ग 2. खाली शेरा, इनाम वर्ग 6 ब. आणि कब्जेदार म्हणून आठ नावे. त्या नावांत वाडा विकणारा कुठेच नव्हता.

आम्ही विचारले, "ही महार वतनाची जमीन आहे ना?"

"असेल. पण आमच्याकडे साठेखत आहे, मुखत्यारपत्र आहे. ती माणसं काही येत नाहीत परत. सगळी मुंबईला गेली."

दादा शांतपणे म्हणाले, "आम्ही मुंबईहूनच आलोय."

एजंटाला त्याचा अर्थ लागला नाही. आम्हा चौघांना लागला. परत फाटकापर्यंत कोणी बोलले नाही.

तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. वतन म्हणजे बक्षीस नव्हते. गावाची राखण, सरकारी निरोप, मेलेली जनावरे ओढणे, रात्री-अपरात्री जी हाक येईल ती घेणे, या सगळ्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी त्याच कुटुंबांना नव्या शर्तीवर मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री करायची नाही, ही ती शर्त. कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन कुणी शंभर-दोनशे रुपयांत जमीन लाटू नये, हा तिचा उपयोग. परवानगीवाचून केलेले साठेखत दाखवून अशा जमिनीचा मालक होता येत नाही. पण मूळ माणूस फिरकलाच नाही, तर विचारणार कोण?

ती आठ नावे आम्ही वहीत उतरवून आणली आहेत. त्यांच्या वारसांचा शोध चालू आहे.

परतीच्या एस.टी.त दादांच्या वहिनींनी विचारले, "आपल्या गावच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे?" दादा खिडकीबाहेर बघत राहिले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो संगणकावर काढला. आता सातबारा पाहायला गावी जावे लागत नाही. नाव निघाले दादांच्या वडिलांचे. वडील 1987 मध्ये वारले. वारस नोंद कोणी केलीच नव्हती. लाखोंचा दुसऱ्याचा वाडा घ्यायला निघालेला माणूस स्वतःच्या तीस गुंठ्यांच्या कागदावर नव्हता!

अर्ज लिहायला बसलो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र. हा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, मग फेरफार धरला जातो, आक्षेपासाठी 15 दिवसांची नोटीस निघते. दादांनी स्वतःचे आणि धाकट्या भावाचे नाव सांगितले आणि थांबले. वहिनी म्हणाल्या, "आणि दोघी वन्सं?"

"त्या सासरी आहेत. त्यांना काय करायचंय?"

"त्या आठ जणांबद्दल तो एजंटही असंच म्हणत होता. गेली ती माणसं, येत नाहीत."

दादा बराच वेळ गप्प बसले. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आम्ही सांगणार होतो. सांगावे लागले नाही. दादांनी पेन घेतले आणि दोन्ही बहिणींची नावे स्वतःच्या हाताने लिहिली.

वाडा घेतला नाही. ज्यांना परवडतो, ज्यांचे कागद जमतात, त्यांनी जरूर घ्यावा. आपल्या माणसाने वाड्यात राहू नये असे थोडेच आहे! मात्र किल्ली खांबाला टोचून पाहावी, आणि सातबारा वाचल्याशिवाय विसार देऊ नये.

आणि त्याआधी या रविवारी एक काम करा. आपल्या गावचा, आपल्या हाडोळ्याचा सातबारा काढा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.