तासिकेएवढी कथा

१९७४ साली आमच्या कबनूरला खेटून असलेल्या इचलकरंजीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप, आणि हे नाव कोणाच्याच ओळखीचे नव्हते. कारण त्यामागचे खरे लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. तिची सुरुवात झाली होती अहमदाबादच्या एका परिषदेत, रटाळ व्याख्यान ऐकता ऐकता. मराठी विज्ञानकथेला नवे वळण देणारा हा लेखक दिवसाच्या कामातून मिळालेल्या फटीत लिहायला बसला होता.

आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या लिहित्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे असे मला फार वाटते. या शिक्षकांचा दिवस परिपाठापासून सुरू होतो. तासिका, वह्यांची तपासणी, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणूक आली की मतदारयाद्या, असा तो संध्याकाळपर्यंत पुरत नाही. त्यातून रात्री एखाद्याने चार पानांची कल्पित कथा लिहिली, ती दिवाळी अंकात छापून आली, की भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “गुरुजी, आता कादंबरी कधी?” विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण छोटी कथा म्हणजे कादंबरीच्या आधीची उमेदवारी, ही समजूत चुकीची आहे आणि तिने अनेक चांगले हात थांबवले आहेत. निवृत्तीनंतर निवांत लिहू म्हणून ठेवलेले लिखाण बहुधा निवृत्तीनंतरही होत नाही.

विज्ञानकथा मुळात एका प्रश्नावर उभी राहते. असे झाले तर? असे झाले नसते तर? नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१ साली विश्वासरावांना लागायची गोळी थोडक्यात हुकते आणि हिंदुस्थानचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि देशभरातल्या मुलांनी ते वाचले. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त डावे-उजवे अदलाबदल होण्यामागचे तत्त्व तर कागदाची पट्टी, अर्धा पीळ आणि थोडा डिंक एवढ्या सामानावर कोणत्याही वर्गात दाखवता येते. टोके जोडलेल्या त्या पट्टीवरून पेन्सिल न उचलता रेघ ओढली, की दोन्ही बाजू पार करून ती सुरुवातीच्या जागी येते. हे पाहताना सातवीतल्या मुलाचा चेहरा कसा होतो ते शिक्षकालाच माहीत असते. म्हणून मी म्हणतो, कथेला लागणारा पहिला ऐवज शिक्षकाच्या समोर रोज बाकांवर बसलेला आहे. पुण्या-मुंबईत टेबलाशी बसलेल्या लेखकाला तो मिळवावा लागतो.

अमेरिकेतले डॅनियल कीज हे शाळेत इंग्रजी शिकवत. मंदगती मुलांच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, मी खूप मेहनत घेऊन हुशार झालो तर मला नेहमीच्या वर्गात घालाल का? त्या प्रश्नाने कीज यांचा पिच्छा सोडला नाही. त्यातून ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कथा झाली. १९५९ साली ती एका मासिकात आली आणि पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. बुद्धी वाढवणारी शस्त्रक्रिया हा तिच्यातला कल्पित भाग. दुःख मात्र त्या बाकावरच्या मुलाचे आहे. पुढे कीज यांनी तिची कादंबरी केली, तीही गाजली, पण ती छोटी कथा आजही स्वतःच्या बळावर उभी आहे.

कबनूरच्या बाकांवर कोणते प्रश्न बसले आहेत? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथल्या आयुष्याचा ताल मागाने धरला आहे. दिवसपाळी, रातपाळी, कांड्या भरणाऱ्या बाया, वहिफणीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर. आता साध्या मागांच्या जागी रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे माग येत आहेत. धोटा गेला, आवाज बदलला, थोडी माणसे पुष्कळ माग सांभाळू लागली. ज्या मुलाचा बाप जॉबर आहे त्याच्यासाठी भविष्यकाळ ही लांबची गोष्ट नाही, तो पुढच्या हंगामात शेडमध्ये उतरणार आहे. २००५, २०१९, २०२१ या वर्षांतले पंचगंगेचे पूर इथल्या मुलांनी पाहिले नाही तर ऐकले आहेत. आणि जकार्डची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे, जी फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास कापडावर नक्षी उठवण्यासाठी वापरात आली, त्यांचीच कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली. म्हणजे संगणकाच्या कुळकथेत माग आहे. इतके सगळे हाताशी असताना आपल्या विज्ञानकथेतले यान अमेरिकेतूनच का उडावे आणि शास्त्रज्ञ नेहमी पुण्याच्याच प्रयोगशाळेत का असावा? बिनमाणसाच्या शेडमध्ये रात्री एक माग आपणहून वेगळी वीण विणू लागतो, ही कथा पुण्यातल्या लेखकाला सुचेलही, पण सुताचा वास आणि कानात बसलेला खडखडाट त्याने आणायचा कुठून?

लिहिणारा शिक्षक शाळेच्या वेळेची चोरी करतो, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारा, मी सहीनिशी उत्तर पाठवतो. अशी कितीतरी उत्तरे त्यांनी पाठवली. १९८८मध्ये पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करण्याची जबाबदारी आली, तरी मुलांसाठी बोलणे आणि लिहिणे त्यांनी सोडले नाही, कथाही लिहिल्या. ही सगळी कामे एकमेकांना पोसत होती. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या लेखकाला मिळाले ते याच जोरावर.

मग आपण काय करायचे? केंद्राच्या शिक्षण परिषदेत तास-दीड तास बाजूला काढून एका शिक्षकाने स्वतःची कथा वाचावी, बाकीच्यांनी तिच्यातले विज्ञान आणि भाषा दोन्ही तपासावे. शाळेच्या हस्तलिखितात कविता आणि सुविचारांच्या बरोबरीने ‘असे झाले तर’ या एका पानाची जागा राखावी. त्यावर मुलांनी लिहावे आणि गुरुजींनी, बाईंनीही लिहावे. ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी अद्भुताची आवड जोपासली आहे, तिकडे पाठवायचे तर कथा पावसाळ्यातच लिहून व्हायला हवी. शाळा जूनमध्ये भरते. पहिली चाचणी होईपर्यंत एक कथा पुरी करता येईल, आणि विषय त्याच आठवड्यात वर्गातल्या कोणीतरी हात वर करून विचारलेला असेल.