कानानं वाचायचा तक्ता

दोस्तांनो, आज आधी एक छोटासा प्रयोग करू. आईच्या किंवा दादाच्या हातात तुमचं शाळेचं वेळापत्रक द्या आणि तुम्ही डोळे मिटून बसा. आता त्यांना ते डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ करत, नुसते विषय वाचायला सांगा. मराठी, गणित, इतिहास, चित्रकला... सगळं वाचून झालं की त्यांनी विचारायचं, "गुरुवारी चौथा तास कशाचा?"

सांगता आलं? बहुतेकांची गाडी दुसऱ्या ओळीतच घसरते. डोळ्यांनी बघताना आपण वरचा वार आणि बाजूचा तास एकदमच बघतो. कानाला मात्र एका वेळी एकच शब्द मिळतो. तक्ता आडवाही असतो आणि उभाही. आवाज आपला एका रांगेतच चालतो.

मग ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना दिवसभर अशा तक्त्यांवरच काम करायचं असतं, ते प्रोग्रामर काय करत असतील?

डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्यात माहिती तक्त्यांमध्ये ठेवतात. तुमच्या शाळेचंच उदाहरण घ्या ना. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ. आणि नाव, जन्मतारीख, इयत्ता, तुकडी, पत्ता असे उभे रकाने. मोठ्या कामात असे चाळीस-पन्नास रकानेसुद्धा असतात. नवा रकाना घालायचा, एखाद्याचं नाव बदलायचं, नको असलेला काढून टाकायचा, हे प्रोग्रामरचं नेहमीचं काम. पण यात एक धोका आहे बरं का! रकाना काढला की त्यातली सगळ्या मुलांची माहितीही त्याच्याबरोबर जाते. पत्त्याऐवजी चुकून जन्मतारखेचा रकाना उडाला तर? म्हणून आपण कुठल्या रकान्यावर आहोत हे पक्कं ठाऊक हवं.

अंध प्रोग्रामर 'स्क्रीन रीडर' वापरतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा प्रोग्राम. 'एनव्हीडीए' हा त्यातलाच एक. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं 2006 साली तो लिहायला घेतला. मग जेम्स टेह हा त्याचा मित्र येऊन मिळाला. तोही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली! तेव्हा चांगले स्क्रीन रीडर फार महाग होते, म्हणून यांनी आपला सगळ्यांना फुकट दिला. तक्ता नीट बनवलेला असेल, तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणाची कळ दाबायची. एनव्हीडीए एका घरातून शेजारच्या घरात जातो. रकाना बदलला की आधी त्याचं शीर्षक सांगतो, मग आतला मजकूर.

'नीट बनवलेला' असं मी मुद्दाम म्हटलं. काही प्रोग्राममध्ये तक्ता नुसता चित्रासारखा रंगवलेला असतो आणि रकाने माउसनं ओढायचे असतात. तिथं स्क्रीन रीडरची बोलती बंद! मला विचाराल तर हा दोष त्या प्रोग्रामरच्या डोळ्यांचा नाही, चित्र रंगवणाऱ्याचा आहे.

मग ही मंडळी माउसचा नाद सोडतात आणि डेटाबेसला सरळ लिहून हुकूम देतात. त्या हुकमांची भाषा म्हणजे एसक्यूएल. 'ऑल्टर टेबल' लिहायचं, पुढे तक्त्याचं नाव, मग 'ॲड कॉलम', नव्या रकान्याचं नाव आणि त्यात आकडे येणार की अक्षरं. झाला रकाना तयार! काढायचा तर 'ड्रॉप कॉलम'. लिहिलेली ओळ पाठवण्यापूर्वी अक्षर न् अक्षर ऐकून तपासता येते.

रकाने चाळीस असतील तर लक्षात कसे राहणार? इथं खरी गंमत आहे. कितीतरी डेटाबेस आपल्या रकान्यांची यादीसुद्धा एका तक्त्यातच ठेवतात. ती मागवली की प्रत्येक रकान्याची एक ओळ होऊन येते. उभं होतं ते आडवं झालं, आणि कानाला हवी तशी रांग मिळाली! मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये आणखी एक युक्ती आहे. हुकमाच्या शेवटी बॅकस्लॅश आणि मोठ्या लिपीतला जी लिहिला, तर एका ओळीत रकान्याचं नाव आणि पुढे त्यातली माहिती, अशी उत्तरं एकाखाली एक येतात. नाही तर रेघांच्या चौकटीतून वाट काढत बसावं लागतं.

हे जमतं, कारण डेटाबेसमध्ये रकाना ओळखला जातो तो नावानं. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या कल्पनेत हे होतंच: रकाना कितवा आहे हे वापरणाऱ्यानं लक्षात ठेवायची गरज नसावी. म्हणून नाव ठेवताना आळस करायचा नाही. 'क1', 'क2' अशी नावं ऐकून कुणाला काय कळणार?

आणि एका बाबतीत कान डोळ्यांना हरवतात. इंग्रजीतला छोटा एल आणि एकचा आकडा पडद्यावर कधीकधी जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यांची अदलाबदल झाली की डोळे ताणून शोधणारे शोधतच राहतात. स्क्रीन रीडरकडून एकेक अक्षर वाचून घेणाऱ्याला मात्र एकदा 'एल' ऐकू येतं आणि एकदा 'वन'.

बोटांखाली ठिपके वरखाली करणारी ब्रेलची पट्टीही असते. तिच्याबद्दल पुढच्या अंकात!